रोकच्या शाळेचे दार : उर्सुला ल ग्विन यांच्या 'अर्थसी' कथामालेतील स्त्रिया (१९६८–२००१)

१९६८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील 'पार्नासस प्रेस' या लहानशा प्रकाशनसंस्थेने 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी प्रसिद्ध केली. लेखिका होत्या उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८). किशोरवयीन वाचकांसाठी काही लिहावे अशी प्रकाशकाची मागणी होती. तिच्यातून शेकडो बेटांचा एक समुद्र निर्माण झाला. त्यात रोक नावाचे एक बेट होते आणि त्या बेटावर जादूविद्येची शाळा होती. हॅरी पॉटरच्या भाषांतरांमुळे आज मराठी वाचकालाही जादूची शाळा ही कल्पना परिचित आहे. परंतु ती लोकप्रिय होण्यापूर्वी जवळजवळ तीन दशके रोकची शाळा इंग्रजी वाचकांच्या मनात उभी राहिली होती. या दोन शाळांत एक मूलभूत भेद आहे. १९९७ साली अवतरलेल्या हॉगवर्ट्सच्या चार संस्थापकांत दोन स्त्रिया आहेत आणि तेथे मुलगे-मुली एकत्र शिकतात. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. शिक्षक पुरुष, विद्यार्थी पुरुष, आणि या व्यवस्थेचे कारण विचारण्याची गरज कथेतील कोणालाच भासत नव्हती.

तीन अपत्यांची आई असलेल्या एका लेखिकेने आपल्याच कल्पनेतील विद्यापीठ स्त्रियांना बंद ठेवावे आणि पुढील तेहेतीस वर्षे त्याच बंद दाराशी पुनःपुन्हा येऊन थांबावे, ही विसाव्या शतकातील लोकप्रिय अद्भुतरम्य साहित्याच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे. स्त्रीवादी समीक्षा सहसा कलाकृतीच्या बाहेर उभी राहून तिची तपासणी करते. येथे ती कथेच्या आत शिरली आणि कथेतील जगाचा इतिहास तिने नव्याने लिहिला. हे कसे घडले आणि ते कितपत सफल झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वारसा

ल ग्विन यांच्या हाती आलेली परंपरा पुरुषप्रधान होती, हे सांगण्यासाठी फार पुरावे जमवण्याची आवश्यकता नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) मध्ये एओविन ही राजकन्या पुरुषवेषाने रणांगणात उतरते आणि कोणाही पुरुषाला जे जमले नसते ते करून दाखवते. मात्र जखमा बऱ्या होताच ती शस्त्राचा मार्ग सोडते आणि विवाह करते. सी. एस. ल्युइस यांच्या नार्नियामालेतील अखेरच्या पुस्तकात (१९५६) सूझन ही मोठी बहीण नार्नियाला मुकते. लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांत ती रमली, हा तिचा दोष सांगितला जातो. याला अपवाद होते. सी. एल. मूर यांची जॉयरीची जिरेल ही तलवारबहाद्दर नायिका १९३४ सालीच 'वीअर्ड टेल्स' या नियतकालिकात अवतरली होती. पण हे अपवाद होते आणि त्यांची वाट निराळी होती : पुरुषाच्या हातची तलवार स्त्रीच्या हाती देण्याची. १९८० नंतर ही वाट रुंद झाली. टॅमोरा पिअर्स यांची अलाना (१९८३) मुलाचे रूप घेऊन सरदारकीचे शिक्षण घेते. रॉबिन मॅकिन्ले यांच्या 'द हीरो अँड द क्राउन' (१९८४) ची नायिका अजगराशी झुंजते आणि त्या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळते. या नायिकांनी अनेक वाचक मुलींना बळ दिले, यात शंका नाही. ल ग्विन मात्र या वाटेने गेल्या नाहीत. तलवार कोणाच्या हाती आहे, यापेक्षा कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहिली जाते, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटू लागला. तो तसा वाटू लागण्यास बराच काळ जावा लागला.

पहिली त्रयी

पहिल्या पुस्तकाचा नायक गेड हा गॉन्ट बेटावरील खेड्यातला, आईवेगळा मुलगा. त्याला जादूचे पहिले धडे मिळतात ते गावातील चेटकीण असलेल्या आपल्या मावशीकडून. शेळ्यांना हाक घालण्याचा मंत्र तिचाच. तरीही कथा तिच्याकडे वरून पाहते. तिचे ज्ञान म्हणजे थोडे खरे आणि बरेच थोतांड. गॉन्टमध्ये बायकांच्या जादूला दुर्बळ म्हणणारी एक म्हण आहे आणि तिला दुष्ट म्हणणारी दुसरी. निवेदक या दोन्ही म्हणी विनातक्रार नोंदवतो. मराठीतही 'मांत्रिक' म्हणजे मंत्र जाणणारा. 'चेटकीण' या शब्दात ज्ञानाचा मागमूस नाही, भीती आणि तिरस्कार तेवढा आहे. इंग्रजीत 'विझर्ड' हा शब्द शहाणपणाच्या धातूपासून आला आहे, 'विच' या शब्दाला ते भाग्य नाही. भाषेतच रुजलेला हा भेद कादंबरीने जसाच्या तसा उचलला. उरलेल्या स्त्रियांपैकी सेरेट ही नायकाला मोहात पाडून संकटाकडे नेणारी सुंदरी आहे, तर यॅरो ही मित्राची घर सांभाळणारी, निरागस धाकटी बहीण.

येथे लेखिकेच्या शिक्षणाकडे पाहणे उद्बोधक ठरते. ल ग्विन यांनी १९५१ साली रॅडक्लिफ कॉलेजमधून पदवी घेतली. रॅडक्लिफ हे हार्वर्ड विद्यापीठाला जोडलेले स्त्रियांचे महाविद्यालय होते. शिकवणारे प्राध्यापक हार्वर्डचेच असत; पदवीवर नाव मात्र रॅडक्लिफचे असे, आणि रॅडक्लिफच्या विद्यार्थिनींना हार्वर्डची पदवी मिळू लागली ती १९६३ पासून. १९४९ साली हार्वर्डमध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी लामाँट ग्रंथालय उघडले. त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि तो मिळाला १९६७ मध्ये, म्हणजे रोकची शाळा छापून येण्याच्या आदल्या वर्षी. हार्वर्डवरूनच रोक रचले गेले, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु पुरुषांचे विद्यापीठ हा विद्येचा सहज, नैसर्गिक आकार आहे असे ज्या पिढीतील विदुषींनाही वाटत होते, त्या पिढीच्या ल ग्विन होत्या, एवढे निश्चित म्हणता येते.

दुसरे पुस्तक 'द टूम्स ऑफ अटुआन' (१९७१) संपूर्णपणे एका मुलीचे आहे, आणि पहिल्या तिन्ही पुस्तकांत तेच आजही सर्वांत ताजे वाटते. टेनारला बालपणीच आईवडिलांपासून तोडून अनाम शक्तींच्या मंदिरात आणले जाते. आधीची प्रमुख पुजारीण ज्या रात्री मरण पावली त्या रात्री हिचा जन्म झाला, म्हणून ही तिचाच नवा अवतार ठरते. तिचे नाव काढून घेतले जाते. ती 'अर्हा' होते. म्हणजे गिळली गेलेली. लग्नात नवरीचे माहेरचे नाव पुसून तांदळात नवे नाव कोरण्याची चाल ज्या समाजाने पाहिली आहे, त्याला या नामांतराचा अर्थ वेगळा उलगडून सांगावा लागत नाही. अर्हाचा अधिकार नावापुरता प्रचंड आहे. तिच्या शब्दावर कैद्यांचा जीव जातो, भूमिगत चक्रव्यूहात तिच्यावाचून कोणी पाऊल टाकू शकत नाही. परंतु या स्त्रीराज्याची दोरी दूरच्या देव-राजाच्या हाती आहे आणि त्याची हस्तक कोसिल तिच्या शेजारीच वावरते. पितृसत्ता स्त्रियांच्याच हातून कशी राबवली जाते, याचे इतके अचूक चित्र किशोरसाहित्यात विरळा.

चोर म्हणून आलेला गेड चक्रव्यूहात अडकतो. त्याचे पाणी, त्याची सुटका, त्याचा जीव अर्हाच्या हाती असतो. तिचे खरे नाव मात्र तो तिला परत देतो. मुक्ती कोणी कोणाची केली, हा प्रश्न समीक्षकांनी पुष्कळ चघळला आहे. कथेत दोघेही परस्परांवाचून बाहेर पडू शकत नाहीत, हे खरे. पण बाहेर पडल्यावर काय? गेडपुढे समुद्र आणि महासिद्धपद आहे. टेनारला तो गॉन्टवर आपल्या वृद्ध गुरूकडे, ऑगियनकडे, सोपवतो. तिच्यासाठी कथेजवळ पुढचे पान नव्हते. 'द फार्दस्ट शोअर' (१९७२) मध्ये ती येतच नाही. त्या पुस्तकाचे जग जवळजवळ केवळ पुरुषांचे आहे : महासिद्ध गेड, राजपुत्र आरेन, मृत्यूचे दार उघडे ठेवणारा दुष्ट जादूगार. १९७३ साली बालसाहित्यासाठीचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि त्रयी पूर्ण झाली असे सर्वांनी गृहीत धरले.

अठरा वर्षे

त्रयीचे तिसरे पुस्तक आणि चौथे पुस्तक यांत अठरा वर्षांचे अंतर आहे. या अवधीत अमेरिकेतील साहित्यविचार आमूलाग्र बदलला. केट मिलेट यांचे 'सेक्शुअल पॉलिटिक्स' (१९७०), इलेन शोवाल्टर यांचे 'अ लिटरेचर ऑफ देअर ओन' (१९७७), सँड्रा गिल्बर्ट व सुझन गुबार यांचे 'द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक' (१९७९) ही या बदलाची ठळक स्थानके. ल ग्विन यांच्यावर टीका झाली ती प्रथम 'अर्थसी'साठी नव्हे, तर 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या विज्ञानकादंबरीसाठी. ज्यांना स्थिर लिंगच नाही अशा माणसांची ती कथा. पण त्या सर्वांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरल्यामुळे ती पुरुषांचीच कथा होऊन बसते, असा आक्षेप घेतला गेला. १९७६ मधील निबंधात त्यांनी या सर्वनामाचे समर्थन केले. १९८७ साली तोच निबंध त्यांनी स्वतःच्या प्रतिवादासह पुन्हा छापला : जुना मजकूर न खोडता, त्याच्याच शेजारी नवे मत. ही पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे 'अर्थसी'तही त्यांनी हेच केले.

१९७५ साली 'खात्रू' या रसिकांच्या पत्रिकेने विज्ञानकथेतील स्त्रिया या विषयावर पत्ररूप परिसंवाद घडवून आणला. त्यात ल ग्विन, जोआना रस, सॅम्युएल डिलेनी आदी सहभागी होते. जेम्स टिप्ट्री (कनिष्ठ) हे तेव्हा पुरुष समजले जाणारे लेखकही त्यात होते. ती अ‍ॅलिस शेल्डन ही स्त्री होती, हे त्यानंतर उघड झाले. पुरुष म्हणून बोलणारी स्त्री आणि स्त्री असून पुरुषपरंपरेत लिहिणारी लेखिका एकाच परिसंवादात आमनेसामने यावीत, हा योगायोग बोलका आहे. गिल्बर्ट आणि गुबार यांनी संपादित केलेला स्त्रियांच्या साहित्याचा नॉर्टन संग्रह १९८५ साली निघाला. आपण मानद पुरुष होऊन लिहिण्याची गरज नाही हे आपल्याला त्या ग्रंथाने शिकवले, अशा आशयाची कबुली ल ग्विन यांनी पुढे दिली. १९८६ साली ब्रिन मॉर महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभातील भाषणात त्यांनी सत्तेची, विद्यापीठांची 'पितृभाषा' आणि घरातील, संवादाची 'मातृभाषा' असा भेद मांडला. त्याच वर्षीच्या एका निबंधात, कथा म्हणजे भाला नव्हे, गोळा केलेले धान्य ठेवण्याची पिशवी होय, अशी कल्पना त्यांनी पुढे केली. भाल्याच्या कथेला नायक लागतो, पिशवीतल्या कथेत कोणीही मावते. ही सर्व तयारी कोणत्या पुस्तकाची होती, हे १९९० साली कळले.

'तेहानू'

'तेहानू' मध्ये टेनार मध्यमवयीन विधवा आहे. ऑगियनने तिला विद्या देऊ केली होती. ती तिने मध्येच सोडली आणि फ्लिंट नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केले. दोन मुले वाढवली. गाव तिला 'गोहा' म्हणते. त्रयीच्या चाहत्यांना हा धक्का होता. अंधाराच्या मंदिरातून हरवलेली कडी घेऊन आलेली नायिका शेळ्या राखते, चुलीपाशी बसते, आणि लेखिका त्याला अधोगती मानायला तयार नाही! बलात्कार करून, मारहाण करून आगीत ढकललेल्या एका मुलीला टेनार सांभाळते. मुलीचा चेहरा एका बाजूने जळला आहे, एक हात निकामी झाला आहे. जादूने ती जखम भरून येत नाही. अद्भुतरम्य साहित्यात जखमा सहसा चमत्काराने भरतात. येथे त्या भरत नाहीत, आणि थेरूला गाव जे पाहून तोंड फिरवते तेच कादंबरी सतत समोर ठेवते.

गेड परत येतो तो आपली सर्व शक्ती गमावून. सत्तेवाचून पुरुष म्हणजे कोण, हा प्रश्न त्याला झेपत नाही आणि तो राजाच्या दूतांपासून लपतो. टेनार आणि म्हातारी चेटकीण मॉस यांची स्त्री-पुरुषांच्या सामर्थ्याविषयीची संभाषणे पुस्तकाच्या गाभ्याशी आहेत. पुरुषाचे सामर्थ्य कवचातल्या गरासारखे, स्त्रीचे मात्र मुळांसारखे अंधारात खोल गेलेले, असे मॉस मानते. अनेक वाचकांनी हाच लेखिकेचा सिद्धांत समजला. वास्तविक टेनार त्या बोलण्याला मान डोलावत नाही. अंधाराची पूजा तिने बालपणी करून पाहिली आहे. तिला गूढ शक्ती नको आहे. गावच्या रस्त्यावर मुलीचा हात धरून निर्भयपणे चालता यावे, एवढेच हवे आहे. हा तिचा संशय ध्यानात न घेता 'तेहानू' वाचणे म्हणजे पात्राच्या तोंडचे वाक्य लेखिकेच्या माथी मारणे होय.

या कादंबरीचे खरे बळ लहान प्रसंगांत आहे. रोकचे गुरू नवा महासिद्ध शोधत आहेत. त्यांच्यापैकी एकाला साक्षात्कारात गॉन्टवरील एका स्त्रीचा निर्देश मिळाला आहे. ती स्त्री म्हणजे कोणाची आई, कोणाची बहीण, कोणा पुरुषाकडे नेणारी वाटाडी असेल, येथपर्यंत त्यांची बुद्धी जाते. ती स्वतःच असेल, हे त्यांच्या मनाला शिवत नाही. दुसरा प्रसंग घरातला. टेनारचा मुलगा स्पार्क समुद्रावरून परततो. शेत आता रूढीप्रमाणे त्याचे आहे, आईचे नाही. जेवल्यावर ताट धुण्यास तो नकार देतो, कारण ते बायकांचे काम. एकेकाळचा महासिद्ध मुकाट्याने भांडी घासतो. आणखी एक प्रसंग असा की एका जादूगाराच्या शापामुळे टेनारची विचारशक्तीच बांधली जाते. अंगवळणी पडलेल्या हार्डिक भाषेत तिला विचार करता येत नाही, पण बालपणीच्या कार्गिश भाषेत येतो. शाप तेथपर्यंत पोहोचलेला नसतो. ब्रिन मॉरच्या भाषणातील 'मातृभाषा' येथे रूपक न राहता कथेतील घटना झाली आहे.

पुस्तकाला १९९० चे नेब्युला पारितोषिक मिळाले, आणि रोषही पत्करावा लागला. लेखिकेने स्वतःच्या सुंदर त्रयीवर मतप्रचाराचा बोळा फिरवला, अशी टीका झाली. १९९२ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपली बाजू मांडली. ते 'अर्थसी रिव्हिजन्ड' या नावाने १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातील शब्द एड्रिअन रिच यांच्या १९७० च्या दशकातील प्रसिद्ध निबंधाची आठवण करून देतो. मागे वळून नव्या नजरेने पाहणे हे स्त्रियांसाठी जगण्याचे साधन आहे, असा रिच यांचा विचार होता. पहिली त्रयी पुरुष वीरकथेच्या परंपरेत, तिच्या अटी मान्य करून लिहिली गेली, हे ल ग्विन यांनी या व्याख्यानात मान्य केले. पण त्या पुस्तकांना त्यांनी नाकारले नाही. १९९५ मध्ये पेरी नोडेलमन यांनी 'तेहानू'मुळे आधीच्या त्रयीतील लिंगभावाचे वाचन कसे बदलते, याची चर्चा केली. चौथे पुस्तक वाचल्यावर पहिले तीन पूर्वीसारखे वाचताच येत नाहीत, हे बहुतेक वाचकांच्या अनुभवाला येते.

आक्षेपाला आणखी एक, अधिक गंभीर जागा आहे आणि ती चाहत्यांच्या नाराजीपेक्षा विचारात घेण्यासारखी आहे. कादंबरीच्या शेवटी टेनार आणि गेड पूर्णतः असहाय असताना थेरू आकाशातून महाअजगराला हाक घालते आणि तो येऊन शत्रूंना जाळतो. थेरूचे खरे नाव 'तेहानू', आणि ती अजगरांचीही कन्या आहे. चूल, शेत, भांडी, वारसाहक्क यांतून इतक्या संयमाने उभा केलेला प्रश्न आकाशातून उतरलेल्या आगीने सुटतो. अत्याचार झालेल्या मुलीला न्याय मिळण्यासाठी ती मानवापेक्षा वेगळी असणे का आवश्यक व्हावे?

दप्तरातील स्त्रिया

'तेहानू'ला लेखिकेने 'अर्थसीचे शेवटचे पुस्तक' असे उपशीर्षक दिले होते. ते खोटे ठरले. १९९८ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्या 'लेजन्ड्स' या संग्रहात 'ड्रॅगनफ्लाय' ही दीर्घकथा आली. तिच्यात इरियन ही मुलगी पुरुषाचे सोंग घेऊन रोकच्या दाराशी येते, आणि द्वारपाल गुरू तिचे सोंग ओळखूनही तिला आत घेतो. तिच्यावरून शाळेत फूट पडते. मृत्यूच्या देशातून परतलेला थोरियन नियमाच्या नावाने तिला हाकलू पाहतो. येथवर कथा थेट, धारदार आहे. आणि मग रोकच्या टेकडीवर इरियनही अजगर होते आणि उडून जाते. थेरूच्या बाबतीत उपस्थित केलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. शाळेच्या नियमाला धक्का देणारी स्त्री मानवच नसेल, तर नियम मोडला असे म्हणता येत नाही; त्याच्या कक्षेबाहेरचे कोणी येऊन गेले, एवढेच झाले.

याचे खरे उत्तर ल ग्विन यांना भविष्यात सापडले नाही, भूतकाळात सापडले. 'टेल्स फ्रॉम अर्थसी' (२००१) च्या प्रास्ताविकात त्यांनी म्हटले आहे की अस्तित्वात नसलेल्या इतिहासाचे संशोधन गोष्ट सांगूनच करता येते, आणि खऱ्या इतिहासकारांचे कामही याहून फार निराळे नसावे. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांची कन्या आणि इतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स ल ग्विन यांची पत्नी असलेल्या लेखिकेच्या तोंडी हे विधान केवळ चमत्कृती म्हणून सोडून देता येत नाही. संग्रहातील पहिली कथा, 'द फाइंडर', एका जुन्या हस्तलिखिताच्या पानाने सुरू होते. काळ गेडच्या आधी सुमारे तीन शतकांचा. राजा नाही, चाचे आणि त्यांचे पगारी जादूगार बेटे लुटत आहेत, आणि जादू जाणणारी माणसे एकमेकांना घाबरून विद्या लपवत आहेत.

मेड्रा हा तरुण पाऱ्याच्या खाणीत गुलाम आहे. तेथील भट्टीवर पाऱ्याच्या विषाने मरणाला टेकलेली अनिएब नावाची दासी त्याला आपले खरे नाव सांगून आपले उरलेसुरले बळ देते; त्या दोघांच्या विश्वासातून खाणीचा मालक असलेला जादूगार नष्ट होतो. अनिएब वाटेत मरते. तिच्या आईच्या माणसांकडून मेड्राला 'हस्त' या गुप्त जाळ्याचा पत्ता लागतो. हे जाळे बहुतांशी स्त्रियांचे : सुईणी, औषधी जाणणाऱ्या, गावच्या चेटकिणी. पहिल्या पुस्तकातील ज्या मावशीची विद्या थोतांड ठरली होती, तिच्याच पूर्वज या. वर्षानुवर्षे भटकून मेड्रा रोकवर पोहोचतो तेव्हा तेथे त्याला लुटीतून वाचलेल्या स्त्रिया भेटतात, एम्बर आणि व्हेल यांसारख्या. शाळा त्यांनी आणि मेड्राने मिळून काढली. मेड्रा तिचा पहिला द्वारपाल झाला. दार उघडणारा गुरू ही रोकवरील सर्वांत जुनी पदवी का असावी, हे यावरून आपोआप स्पष्ट होते.

संग्रहाच्या अखेरीस जोडलेल्या 'अर्थसी'च्या वर्णनात उरलेला दुवा आहे. स्त्रियांना शाळेबाहेर काढले ते पुढे पहिल्या महासिद्धाने, हॅल्केलने. म्हणजे १९६८ च्या कादंबरीतील जो नियम वाचकाला सृष्टीच्या आरंभापासून असल्यासारखा वाटत होता, तो एका विशिष्ट माणसाचा, विशिष्ट काळातील निर्णय होता. आणि त्या निर्णयानंतर शाळेने आपल्या संस्थापक स्त्रियांना विसरण्याचेही काम नीट केले. पहिल्या पुस्तकातील एकही वाक्य बदलावे लागले नाही. गॉन्टच्या त्या दोन म्हणी तशाच आहेत. पण आता त्या एका पराभवाची खूण म्हणून वाचता येतात. तत्त्वचर्चेत ज्याला नैसर्गिक मानलेल्या व्यवस्थेचे ऐतिहासिकीकरण म्हणतात, ते येथे सुमारे शंभर पानांच्या गोष्टीत घडले आहे. एम्बर मानव आहे, अनिएबही मानव आहे. त्यांना पंख फुटत नाहीत. संपूर्ण कथामालेत स्त्रीवादी दृष्टीने सर्वांत समर्थ रचना कोणती, या प्रश्नाचे उत्तर म्हणून 'तेहानू'चेच नाव घेण्याची प्रथा आहे. तो मान 'द फाइंडर'ला जावयास हवा.

स्त्रियांचा वाटा संस्थांच्या दप्तरातून कसा गळतो, हे मराठी अभ्यासकालाही ठाऊक आहे. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापली गेली, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत जवळजवळ विस्मृतीत होती. मराठी निबंधाच्या इतिहासाला त्यानंतर आपली आरंभीची पाने दुरुस्त करावी लागली. ल ग्विन यांनी हीच क्रिया कल्पित जगात केली. फरक इतकाच की तेथे हरवलेले पुस्तक आणि ते शोधून काढणारा संपादक, दोन्ही त्यांनाच व्हावे लागले.

'द अदर विंड'

त्याच वर्षी, २००१ मध्ये, 'द अदर विंड' ही पाचवी आणि शेवटची कादंबरी आली. २००२ साली तिला जागतिक अद्भुतकथा पुरस्कार मिळाला. मृतांचा कोरडा, वाराहीन देश आणि त्याची दगडी भिंत ही त्रयीतील सर्वांत भयावह प्रतिमा. प्राचीन काळी जादूगारांनी अमरत्वाच्या हव्यासापोटी हा देश घडवला होता, हे येथे उघड होते आणि भिंत पाडली जाते. ती पाडण्याच्या कामी राजा, रोकचे गुरू, एक साधा ठिगळे लावणारा कारागीर आणि स्त्रिया अशी सर्वांचीच गरज पडते. अज्ञानी समजल्या जाणाऱ्या कार्गिश लोकांची श्रद्धा या बाबतीत रोकच्या विद्येपेक्षा खरी ठरते. बुरख्यात गुंडाळून राजाकडे पाठवलेली कार्गिश राजकन्या सेसेराख ही या कादंबरीतील अनपेक्षित आनंद आहे. राजा तिच्याकडे राजकारणातील एक ओझे म्हणून पाहतो. टेनार तिच्याशी त्यांच्या समान भाषेत बोलते, तिला हार्डिक शिकवते, आणि बुरख्याआडचे माणूस हळूहळू राजासमोर येते. तेहानू मात्र अजगरांबरोबर निघून जाते. रोकच्या शाळेच्या नव्या नियमांचे चित्र रंगवण्याच्या फंदात लेखिका पडलेली नाही.

सर्व काही पार पडल्यावर टेनार गॉन्टला परतते. गेड ऑगियनच्या जुन्या घरी तिची वाट पाहत असतो. जगाची घडी बदलून आलेली टेनार त्याला घडलेले सारे सांगते आणि आपण नसताना त्याने काय केले, हे विचारते. त्याने घर सांभाळलेले असते.